खनिज मंद नाही, वायूच पोचत नाही: टीजीएमध्ये ऑक्सिजन-वाहकाचा दर कमी किंवा वेडावाकडा दिसतो तेव्हा काय तपासायचं

केमिकल लूपिंगवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा दिवस येतोच. खनिज दळलं, चाळलं, टीजीएच्या, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन मोजत राहणाऱ्या यंत्राच्या, मुशीत ठेवलं, वायू सोडला आणि अभिक्रियेचा दर अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही भरला नाही. किंवा सोमवारी एक दर आला आणि गुरुवारी त्याच नमुन्याचा दुसराच. मग वहीत लिहिलं जातं, 'हे खनिज वाहक म्हणून मंद आहे.' हा बिघाड मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता आलेख हातात आला की आधी मुशीचा आकार आणि नमुन्याचं वजन विचारते, खनिजाचं नाव नंतर. बहुतेक वेळा खनिज निर्दोष निघतं. मोजला गेलेला दर त्याचा नसतो, मुशीत वायू उतरण्याचा असतो.

या दराला एवढं महत्त्व का, ते नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. केमिकल लूपिंगमध्ये इंधन आणि हवा एकमेकांना भेटतच नाहीत. धातूचं ऑक्साइड, म्हणजेच ऑक्सिजन-वाहक, एका भट्टीत हवेतून ऑक्सिजन उचलतं, दुसऱ्या भट्टीत नेऊन इंधनाला देतं आणि परत येतं. इंधनाच्या भट्टीतून बाहेर पडतात फक्त कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. वाफ थंड करून पाणी काढलं की कार्बन डायऑक्साइड आयता वेगळा हातात येतो, नायट्रोजनमधून तो गाळत बसावं लागत नाही. लुइस आणि गिलिलँड यांनी १९५०च्या दशकात याच तत्त्वावर शुद्ध कार्बन डायऑक्साइड बनवण्याचं पेटंट घेतलं होतं. 'केमिकल लूपिंग कंबश्चन' हे नाव १९८७ साली जपानच्या इशिदा आणि सहकाऱ्यांनी दिलं. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात १० किलोवॉटचं यंत्र चाललं ते निकेलच्या वाहकावर. पण निकेल महाग आणि विषारी. कोळसा किंवा काडीकचरा जाळायचा तर राखेबरोबर थोडा वाहक फेकला जाणारच, म्हणून घन इंधनासाठी सगळे स्वस्त खनिजांकडे वळले. जर्मनीत डार्मश्टाटच्या १ मेगावॉटच्या यंत्रात इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, वापरलं गेलं.

ही खनिजं आपल्याला परकी नाहीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, भंडारा-नागपूरच्या पट्ट्यात मँगनीज आहे, गोव्यात हेमॅटाइट हे लाल लोहखनिज आहे. म्हणूनच चुकीच्या मोजमापामुळे ती 'मंद' म्हणून बाजूला पडताना पाहिली की जीव तुटतो. इंधनाच्या भट्टीत किती टन वाहक साठवायचा हे या दरावरून ठरतं. दर तीन पट चुकला तर साठाही तीन पट चुकतो.

लक्षणं

यातलं कोणतं तुमच्या आलेखात आहे ते आधी पाहा, कारण पुढच्या तपासण्या त्यावरच बेतलेल्या आहेत.

- ८५०, ९०० आणि ९५० अंशांना काढलेल्या क्षपणाच्या, म्हणजे खनिजातून ऑक्सिजन निघण्याच्या, रेघा जवळपास एकमेकींवर पडतात. तापमानाने काही फरकच पडत नाही.
- वजन सुरुवातीपासून जवळपास शेवटपर्यंत पट्टीने आखल्यासारखं सरळ उतरतं आणि मग एकदम थांबतं.
- वायू बदलला की त्याच क्षणी वजनात बारीकशी उडी दिसते.
- पहिल्याच तापवणीत वजन इतकं घटतं की ऑक्सिजनच्या हिशेबात ते बसत नाही.
- क्षपण चालू असताना वजन घटायचं थांबून उलट वाढू लागतं.
- ऑक्सिडीकरणानंतर वजन मूळ पातळीला परत येत नाही.
- पहिल्या पाच-दहा चक्रांत (एक क्षपण आणि एक ऑक्सिडीकरण मिळून एक चक्र) दर चढत जातो, किंवा वीस-तीस चक्रांनंतर हळूहळू पडतो.

पहिली दोन लक्षणं जोडीने दिसली तर थेट दुसऱ्या तपासणीवर गेलात तरी चालेल. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतांशी तिथेच मिटतात.

पहिली तपासणी: रिकामी मूस

खर्च शून्य, वेळ एक दुपार. नमुन्याशिवाय तीच मूस, तोच प्रवाह, तोच तापमानाचा कार्यक्रम आणि वायू बदलण्याच्या त्याच वेळा ठेवून एक फेरी घ्या. जी रेघ येईल ती खऱ्या रेघेतून वजा करायची.

हे का करायचं, ते आकड्यांत बघा. दोन ग्रॅमची अ‍ॅल्युमिनाची मूस साधारण अर्धा घन सेंटिमीटर जागा व्यापते. नायट्रोजन बंद करून ६० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेलं मिश्रण सोडलं की भोवतालचा वायू जड होतो, प्लावक बल वाढतं आणि ९०० अंशांना मूस सुमारे ०.०५ मिलिग्रॅमने हलकी झाल्यासारखी दिसते. नमुना १०० मिलिग्रॅमचा असेल तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण १० मिलिग्रॅम हेमॅटाइट मॅग्नेटाइटपर्यंत, म्हणजे थोडा ऑक्सिजन गेल्यावर उरणाऱ्या काळ्या लोह-ऑक्साइडपर्यंत, नेलं तर एकूण घटच ०.३३ मिलिग्रॅमची असते, म्हणजे सातवा हिस्सा खोटा. त्यातच दोन वायूंचे प्रवाह वेगवेगळे ठेवले असतील तर मुशीवरचा वाऱ्याचा रेटाही बदलतो आणि ती उडी आणखी मोठी होते. म्हणून सगळ्या वायूंचा एकूण प्रवाह एकसारखा ठेवा.

याच फेरीत सोप बबल मीटर लावून यंत्रातून बाहेर पडणारा प्रवाह मोजा. एमएफसीवर, म्हणजे वायूचा प्रवाह ठरवणाऱ्या नियंत्रकावर, १०० मिलिलिटर दिसतात म्हणून तितके बाहेर पडतीलच असं नाही. दुसऱ्या वायूसाठी कॅलिब्रेट केलेला एमएफसी तसाच कार्बन डायऑक्साइडवर लावलेला मी एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांत पाहिला आहे.

दुसरी तपासणी: कागद, पेन आणि ऑक्सिजनचा जमाखर्च

इथे मी रेंगाळणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो.

मध्यंतरी एक विद्यार्थिनी तीन आलेख घेऊन आली. गोव्याचं हेमॅटाइट, १५० मिलिग्रॅम. वायू मिनिटाला १०० मिलिलिटर, त्यात १० टक्के कार्बन मोनॉक्साइड (हेच इथलं इंधन), ६० टक्के कार्बन डायऑक्साइड, उरलेला नायट्रोजन. तिन्ही तापमानांना क्षपण संपायला साधारण तीन मिनिटं लागत होती. ती म्हणाली, "मॅडम, सक्रियण ऊर्जा जवळजवळ शून्य येतेय. असं खनिज असतं का?"

असं खनिज नसतं. सक्रियण ऊर्जा शून्य म्हणजे तापमानाचा दरावर काहीच परिणाम नाही. आम्ही दोघींनी हिशेब मांडला. हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होताना वजन ३.३४ टक्के घटतं, म्हणजे १५० मिलिग्रॅममधून ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन निघायला हवा. आता जमेची बाजू. मिनिटाला १० मिलिलिटर कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमोल, आणि एक रेणू एकच ऑक्सिजन घेतो. त्यामुळे सगळाच्या सगळा कार्बन मोनॉक्साइड वापरला गेला तरी मिनिटाला ७.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन निघणं शक्य नाही. एक कणही वाया न जाता ४२ सेकंद लागतील. तिचा प्रत्यक्ष वेग मिनिटाला १.७ मिलिग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे पुरवठ्याचा जवळपास चौथा हिस्सा.

चौथा हिस्सा म्हणजे कमीच वापरलाय, असं वाटतं. तसं नाही. टीजीएमध्ये बहुतेक वायू मुशीच्या बाजूने निघून जातो, उंच काठांच्या मुशीत तो फक्त वरून झिरपत उतरतो. खोल मुशीत चौथा हिस्सा खर्च होतोय याचा अर्थ तळाच्या कणांना जवळपास काहीच मिळत नाही.

तिला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. आम्ही दीड मिनिटाला कार्बन मोनॉक्साइड बंद केला, नायट्रोजनमध्ये नमुना गार होऊ दिला आणि मूस बाहेर काढून पांढऱ्या कागदावर अलगद खरवडली. वरचा थर काळा, मॅग्नेटाइटचा. मधे विटकरी. तळाला लालभडक हेमॅटाइट, जसं ठेवलं होतं तसंच. वरून खाली सरकणारी ती काळी हद्दच तिचा आलेख काढत होती, आणि तिला ८५० अंश काय नि ९५० काय, जवळपास सारखेच. वायूचं झिरपणं तापमानाने फारसं बदलत नाही.

मी स्वतः पाळते तो नियम असा: नमुन्याचा सर्वाधिक वेग पुरवठ्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर गेला तर तो आकडा अभिक्रियेचा दर म्हणून वहीत उतरवायचा नाही. उथळ मुशीत हा नियम बऱ्यापैकी पुरतो, खोल मुशीत तोही ढिला पडतो.

एक गोष्ट याच हिशेबात धरायची. वायू बदलल्यावर नवा वायू मुशीपर्यंत पूर्ण ताकदीने पोचायला वेळ लागतो. वाल्व्हपासून मुशीपर्यंतच्या नळ्या आणि पोकळी १०० मिलिलिटरची असेल आणि प्रवाह मिनिटाला १०० असेल, तर पहिलं मिनिट जुन्या-नव्या वायूच्या मिश्रणातच जातं. ज्या खनिजाचं क्षपण अर्ध्या मिनिटात उरकतं त्याचा दर अशा यंत्रात मोजता येत नाही. नळी आखूड करा, वाल्व्ह भट्टीजवळ आणा.

तिसरी तपासणी: नमुना अर्धा करा, मग पुन्हा अर्धा

१०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅम, २५ मिलिग्रॅम. उथळ, रुंद मुशीत कण एका थरात पसरा, चिमटीने ढीग करून ठेवू नका. प्रत्येक वेळी रूपांतरणाचा वेग, म्हणजे वजन किती टक्के पुढे सरकलं ते, काळाशी मांडा. नमुना अर्धा केल्यावर हा वेग वाढला तर तुम्ही अजून वायूचाच पुरवठा मोजत आहात. दोन लागोपाठच्या वजनांना रेघा एकमेकींवर बसल्या की थांबा, ते तुमचं वजन. त्या विद्यार्थिनीचं हेमॅटाइट २० मिलिग्रॅमवर आल्यावर बसलं आणि तिन्ही तापमानांच्या रेघा एकमेकींपासून सुट्या झाल्या.

नमुना लहान केला की पहिल्या तपासणीतली रिकाम्या मुशीची वजाबाकी मात्र सक्तीची होते. दोन्ही तपासण्या एकमेकींना बांधलेल्या आहेत.

सक्रियण ऊर्जाही इथे बोलते. मोलमागे १०-२० किलोज्यूल आली तर कणाबाहेरच्या वायूचा अडथळा अजून शिल्लक आहे असं समजा. बाहेरचा अडथळा गेला तरी कणाच्या आत, छिद्रांतून वायू शिरण्याचा अडथळा उरू शकतो, आणि तो जोरात असेल तर दिसणारी ऊर्जा खऱ्याच्या निम्म्यावर येते. त्यासाठी चाळण्या आहेत. ९० ते १२५ मायक्रॉन आणि १८० ते २५० मायक्रॉन असे दोन भाग वेगळे मोजा. बारीक कण वेगवान निघाले तर आतला अडथळा खरा आहे. तो लपवायचा नाही, कारण प्रत्यक्ष भट्टीतही कण त्याच मापाचे असणार आहेत. फक्त कोणत्या मापाचा दर आहे ते लिहायला विसरू नका.

चौथी तपासणी: खनिज नीट धुतलं आणि भाजलं आहे का

किनाऱ्यावरून आलेली वाळू तशीच मुशीत टाकू नका. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तापवल्यावर ते फुटतं आणि त्याच्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातो. नमुन्यात ५ टक्के शिंपला असला तरी २.२ टक्के खोटी घट येते, आणि शुद्ध इल्मेनाइटची संपूर्ण ऑक्सिजन-क्षमताच ५ टक्के आहे. त्यावर मला एवढंच करावं लागतं: वाळू डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवायची, १०५ अंशांना वाळवायची, कागदावर पसरून साधा लोहचुंबक फिरवायचा. साध्या चुंबकाला जे पटकन चिकटतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. इल्मेनाइट त्याला जेमतेम ओढलं जातं, त्यासाठी जोरदार चुंबक लागतो. पांढरे शिंपले आणि वाळूचे कण मागे राहतात.

गोव्याच्या लोहखनिजात हेमॅटाइटबरोबर गोथाइट असतं. गोथाइट तापलं की त्याच्यातलं पाणी जातं, शुद्ध गोथाइटच्या बाबतीत वजनाच्या सुमारे १० टक्के. मँगनीजच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड असेल तर पहिल्या तापवणीत ९.२ टक्के घट निव्वळ ऑक्सिजन सुटल्याने होते, आणि मूळ डायऑक्साइड त्या तापमानाला हवेत परत बनत नाही. म्हणून 'मँगनीज पहिल्या चक्रात जबरदस्त वेगवान, नंतर मंद' असा आलेख घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, हवेत भाजून घेतलं होतं का?

प्रयोगाच्या तापमानापेक्षा थोडं वर, भरपूर हवेत, काही तास भाजा. इल्मेनाइटला मी रात्रभर देते. भाजल्यावर पुन्हा चाळा, कारण भाजताना काही कण फुटतात आणि काही चिकटतात. मँगनीज खनिज कोरडं दळताना मास्क घाला आणि फ्यूम हूडमध्ये काम करा. त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

पाचवी तपासणी: वायूच्या मिश्रणाचा तोल

वजनातली घट ३.३४ टक्क्यांच्या पुढे जात राहिली तर हेमॅटाइट मॅग्नेटाइटवर थांबलेलं नाही, पुढे वुस्टाइटकडे (आणखी कमी ऑक्सिजनचं लोह-ऑक्साइड) किंवा थेट लोखंडाकडे निघालं आहे. लोखंडापर्यंत गेलं तर शुद्ध हेमॅटाइट ३० टक्के वजन गमावतं. हा आकडा पाहून 'क्षमता वाढली' म्हणून आनंदून जाऊ नका. प्रत्यक्ष भट्टीत इंधन जवळपास पूर्ण जळायला हवं असतं आणि तिथे लोहखनिज मॅग्नेटाइटच्या पुढे नेता येत नाही. शिवाय पुढच्या टप्प्याचा दर वेगळा, आणि लोखंड झालेले कण एकमेकांना चिकटतात.

९०० अंशांना कार्बन डायऑक्साइड कार्बन मोनॉक्साइडच्या पाचपट किंवा जास्त ठेवला की मॅग्नेटाइट टिकतं. हायड्रोजन वापरत असाल तर वाफ आणखी जास्त लागते. इथे एक नेहमीची चूक होते. खोलीच्या तापमानाच्या पाण्यातून बुडबुडे काढून वायू ओला केला की काम झालं, असं वाटतं. २५ अंशांच्या पाण्यातून जेमतेम ३ टक्के वाफ येते. १० टक्के हायड्रोजनपुढे ती काहीच नाही. पाणी गरम करावं लागतं आणि पुढची सगळी नळी त्याहून गरम ठेवावी लागते. नाहीतर वाफ वाटेतच थिजते, थेंब होऊन एकदम आत जाते आणि वजनाची रेघ नाचू लागते.

क्षपण चालू असताना वजन वाढू लागलं तर कार्बन साठतोय. कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू मिळून एक कार्बन आणि एक कार्बन डायऑक्साइड होतात, आणि ७०० अंशांच्या खाली ही प्रवृत्ती वाढते. भट्टी तापत असताना किंवा गार होताना कार्बन मोनॉक्साइड चालू ठेवणं हे याचं सर्वांत सामान्य कारण. तापताना आणि गार होताना फक्त नायट्रोजन सोडा. क्षपण आणि ऑक्सिडीकरण यांच्यामध्येही दोन-तीन मिनिटं नायट्रोजनच हवा, जळाऊ वायू आणि हवा गरम नळीत एकत्र आणायची नाही.

सहावी तपासणी: इल्मेनाइटला चक्रं पूर्ण करू द्या

ताजं इल्मेनाइट खरोखरच मंद असतं. पहिल्या चक्राचा दर त्याचा कायमचा दर समजून त्याला नापास करणं अन्यायाचं आहे. चक्रामागून चक्र गेलं की कणाच्या आत भेगा आणि छिद्रं वाढतात, लोखंड बाहेरच्या बाजूला सरकतं, वायूला आत शिरायला वाट मिळते आणि दर चढतो. दोन लागोपाठच्या चक्रांच्या रेघा एकमेकींवर बसेपर्यंत थांबा. कधी दहा चक्रं पुरतात, कधी वीस लागतात. मात्र हेच लोखंड टायटॅनियमपासून फार वेगळं झालं की क्षमता ५ टक्क्यांवरून हळूहळू खाली येते, कारण सुट्या हेमॅटाइटला मॅग्नेटाइटवरच थांबावं लागतं. दर चढतोय आणि क्षमता उतरतेय असं दोन्ही एकाच वेळी दिसलं तर घाबरू नका, इल्मेनाइटचा तो स्वभाव आहे.

वीस-तीस चक्रांनंतर दर पडत असेल तर मूस काढून भिंगाखाली पाहा. कण चिकटून पापडी झाली असेल तर तापमान ५० अंशांनी उतरवून नव्या नमुन्यावर तीच चक्रं घ्या. कण सुटेच असतील आणि तरीही दर पडत असेल, तर मुशीतून बारीक कण उडून तर जात नाहीत ना, हे आधी आणि नंतर साध्या तराजूवर वजन करून तपासा. ऑक्सिडीकरणानंतर वजन मूळ पातळीला न येण्याचं कारणही कधी कधी एवढंच असतं.

सातवी तपासणी: तापमान खरंच तेवढं आहे का

थर्मोकपल मुशीपासून दोन सेंटिमीटर दूर असला तर स्क्रीनवरच्या ९०० अंशांचा अर्थ काहीही असू शकतो. शुद्ध चांदीची बारीक तार नायट्रोजनमध्ये वितळवून पाहा. ९६१.८ अंशांना ती वितळायला हवी, आणि यंत्रात डीटीएचा, म्हणजे नमुन्यातली उष्णतेची देवाणघेवाण दाखवणारा, सिग्नल असेल तर तिथे स्पष्ट खाच दिसते. ही तपासणी हवेत करू नका, ऑक्सिजन शोषून चांदी आधीच वितळते. प्लॅटिनमच्या मुशीतही नको, चांदी तिच्याशी मिसळून मूस वाया जाईल.

ऑक्सिडीकरणात उष्णता सुटते आणि शुद्ध हवा सोडली की नमुना काही क्षण भट्टीपेक्षा बराच तापतो. त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा दर मोजताना ५ टक्के ऑक्सिजन आणि लहान नमुना घ्या. सगळ्या खनिजांचा ऑक्सिडीकरणाचा दर एकसारखाच येत असेल, तर कारण पुन्हा दुसऱ्या तपासणीतलंच.

घन इंधन असेल तर

काडीकचरा किंवा दगडी कोळसा तापवून वायू काढून टाकल्यावर उरलेला कोळसा खनिजात मिसळून 'वाहक मंद आहे' असं सांगणारे बरेच भेटतात. तिथे वाहक आणि कोळशाचे कण थेट फार कमी भिडतात. वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड आधी कोळशाचा वायू करतात आणि तो वायू वाहकाकडे जातो. वायू बनण्याचा हा टप्पाच सहसा सर्वांत संथ असतो. वाफेचं प्रमाण वाढवल्यावर एकूण वेग वाढला तर वाहकाला दोष देऊ नका. काडीकचऱ्याच्या राखेतलं पोटॅशियम मात्र खरी अडचण आहे. सिलिकाबरोबर ते कमी तापमानाला वितळणारी काच बनवतं आणि कण एकमेकांना चिकटतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खोलीतला अलार्म वाजला किंवा एकाच वेळी दोघांना डोकं जड वाटू लागलं, तर कारण शोधत बसू नका. हाताशी असेल तो वाल्व्ह बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधणं हे तुमचं काम, पण सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा त्याचा वाल्व्ह गळत असेल तर पाना हातात घ्यायचा नाही, वायू पुरवणाऱ्यांनाच बोलवायचं.

टीजीएचा तराजू स्वतः उघडू नका. रिकाम्या मुशीची रेघ नायट्रोजनमध्ये, वायू न बदलतासुद्धा, तासाभरात ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सरकत असेल आणि यंत्र कंपनापासून दूर असेल, तर बिघाड तराजूत किंवा लटकत्या तारेत आहे. भट्टी ठरलेल्या तापमानाला पोचत नसेल, वरचेवर फ्यूज उडत असेल किंवा नळीला तडा दिसत असेल तर विजेचा मुख्य खटका बंद ठेवून सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहा.

सातही तपासण्या करून दर कमीच राहिला तर आता खनिजाकडे बोट दाखवायला हरकत नाही. पण तेव्हाही टीजीए पुढचं सांगू शकत नाही. कोणती प्रावस्था, म्हणजे कोणतं संयुग, बनली हे एक्स-रे विवर्तन सांगेल, कणाच्या आत लोखंड कुठे सरकलं हे छेद घेऊन एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) सांगेल, पृष्ठफळ बीईटी चाचणी सांगेल. ताजा, दहा चक्रांचा आणि शेवटचा असे तीन नमुने वेगळ्या कुप्यांत घालून, वर चक्रांची संख्या आणि चाळणीचं माप लिहून, ते करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या.

इंजिनिअर येणार असेल तर रिकाम्या मुशीची रेघ, अर्ध्या नमुन्याची रेघ आणि चांदीची रेघ या तीन फायली आधीच काढून टेबलावर ठेवा. त्या नसल्या तर त्यालाही पहिला अर्धा दिवस त्याच काढाव्या लागतात.